कोरडं चालतं

"दलित गिरणी, दलित गिरणी. दलितवाले पुढं या." बसच्या वाहकाने घंटी मारली. पाच जण उतरले. एकाच्या हातात श्रीखंडाचा डबा होता.

*

गव्हावर गहू. गव्हावर ज्वारी चालेल. बाजरीवर गहू दळायचा नाही, पोळी काळी पडते आणि गिऱ्हाईक भांडतं. उपवासाचं दळण सोमवारी सकाळी, दगड पुसून.

*

मोबाइलच्या नकाशातल्या बाई, अमेरिकेहून: "टर्न लेफ्ट ॲट डॅलिट गिर्नी."

*

दल् : फुटणे, तडकणे, चिरणे, तुकडे होणे.

*

तीन वाट्या तांदूळ, एक वाटी उडीद. रात्रभर.

*

शेजारच्या गाळ्यात रसवंती येणार होती. तिथे दोन नळ बसून झाले.

*

रविवारी दुपारी ओव्हाळांचं सगळं घर नव्या इमारतीच्या तळमजल्यावरच्या गाळ्यात जमलं होतं. भिंतींना ओल्या रंगाचा वास, बसायला प्लॅस्टिकच्या खुर्च्या, आणि मधोमध जुन्या गिरणीतलं लोखंडी स्टूल. त्यावर हिराबाई. या जागी पूर्वी बैठी चाळ होती आणि चाळीच्या तोंडाशी गिरणी. चाळ पाडून सात मजले चढवले, गिरणीच्या बदल्यात हा गाळा आला आणि तो हिराबाईंच्या नावावर झाला. तेव्हापासून घरातलं प्रत्येक जण त्यांच्या गुडघ्यांची चौकशी करत होतं. गुडघे वीस वर्षांपासून दुखत होते, पण चौकशीचा मुहूर्त आत्ता लागला होता.

प्रश्न पाटीचा होता.

जुन्या पत्र्यावर निळ्या अक्षरांत 'दलित पिठाची गिरणी' असं होतं. हिराबाईंचे यजमान दगडू ओव्हाळ यांनी त्र्याऐंशीच्या दसऱ्याला स्वतःच्या हाताने रंगवलेलं. ते जाऊन अकरा वर्षं झाली. पाटी मात्र इतकी राहिली की बसथांब्याला, रिक्षास्टँडला, शेवटी अमेरिकेतल्या बाईंनाही तेच नाव पडलं. आता सोसायटीने 'प्रेमाची सूचना' केली होती की नव्या इमारतीला शोभेल असं काहीतरी बघा. बिबवेवाडीत प्रेमाची सूचना आली की माणसाने वकील बघावा, असं दगडू म्हणत.

पाट्या करणारा अरफात दारात शिडीला टेकून उभा होता. "आजी, नाव सांगा फक्त. अक्षरं कापायला टाकतो. उद्या दिवे लागतील."

"सांगत्याल ही शहाणी माणसं," हिराबाई म्हणाल्या. "मला गुडघं हायेत."

पोपट खाकरला. हिराबाईंचा थोरला मुलगा, सरकारी कार्यालयात वरिष्ठ लिपिक. बोलण्याआधी तो नेहमी शर्टाचा खिसा चाचपून घेई, जणू मंजुरी तिथेच ठेवलेली आहे. "तथागत फ्लोअर मिल. स्वच्छ नाव आहे. कोणाची हरकत असण्याचं कारण नाही."

"पप्पा, नाव चांगलं आहे, पण ब्रँडिंग?" शौनक म्हणाला. पोपटचा हा मुलगा हडपसरला कंपनीत होता आणि तिथली खुर्ची घरी आणल्यासारखा बसे. त्याने मोबाइल पुढे केला. "अवनीने लोगोपण केलाय. 'ओव्हाळ्स मिलेट हाऊस'. ज्वारी, बाजरी, नाचणी, हे सगळं आता सुपरफूड आहे, आजी. लोक शोधत येतात."

"ज्वारी आम्ही गहू परवडत न्हाई म्हणून खायचो."

"एक्झॅक्टली. तीच तर स्टोरी आहे."

"मग तसंच लिही की. गहू परवडत न्हाई मिलेट हाऊस."

अवनीला हसू आलं. शौनकची बायको, लग्नाला दीड वर्ष झालं होतं आणि आजेसासूच्या बोलण्यावर हसावं की गप्प राहावं हे अजून ठरायचं होतं. लोगो तिचाच होता. त्यात कणसाला पंख होते.

"आहे तेच नाव राहील," कादंबरी म्हणाली. शौनकची मोठी बहीण, चार वर्षं या विषयावर प्रबंध लिहीत होती. ती आणि तिचे वडील रोज एकाच ताटलीतली चटणी खात आणि रोज याच शब्दावरून भांडत. "आजोबांनी ठरवून ठेवलेलं नाव आहे. दुसऱ्यांनी ठेवलेली नावं आपल्याला कमी होती का? हा एक शब्द आपण उचलला. बाहत्तर साली पोरांनी संघटना उभी केली, मग जाहीरनामा काढला, त्यात भूमिहीन घेतले, मजूर घेतले, बायका घेतल्या. जो जो भरडला जातोय तो तो. इतका मोठा शब्द आहे तो."

"मोठा असेल. मी कधी उचलला?" पोपट म्हणाला. "मी त्या वर्षी जन्मलो. मला उचलायला सांगितलं."

"पप्पा..."

"थांब. आपल्या घराने छप्पन्न साली दीक्षा घेतली. त्या दिवशी आपण बौद्ध झालो, विषय संपला. मोडलेले, तुडवलेले, भरडलेले, हे सकाळी उठून स्वतःच्याच दारावर कशाला वाचायचं? सरकारी कागदावरसुद्धा हा शब्द नाही."

"टीव्हीवाल्यांनाही सरकारने कळवलं होतं, हा शब्द टाळा म्हणून. तुम्ही आणि सरकार एका बाजूला आहात."

"मी सरकारी नोकर आहे," पोपट म्हणाला. मग त्याचा आवाज जरा वेगळा झाला. "नवा साहेब आला की आमचा हेडक्लार्क ओळख करून देतो. हे ओव्हाळ, ते दलित गिरणी आहे ना, त्यांचे. आणि 'दलित' म्हणताना आवाज खाली घेतो. घरात कोणी आजारी असल्यावर घेतात तसा. तीस वर्षं ऐकतोय. मला प्रबंध लिहायचा नाही, कादंबरी. मला निवृत्त व्हायचंय."

हिराबाईंनी मुलाकडे पाहिलं. शाळेतून यायचा तेव्हा केसांत पीठ बसू नये म्हणून हा टोपी घालून गिरणीत शिरायचा, आणि मुलं त्याला टोपीवरून चिडवायची. पिठावरून चिडवलं असतं तर बरं, असं त्याने एकदा सांगितलं होतं.

*

बाजरीवर गहू दळायचा नाही. गव्हावर बाजरी चालते. बाजरीला कोणी विचारत नाही.

*

"आपली हरकत नसेल तर मी दोन शब्द बोलू?"

हे श्यामसुंदर सर. अवनीचे वडील, मराठीचे निवृत्त प्राध्यापक. बिबवेवाडीतच, दोन गल्ल्या सोडून वाढलेले, म्हणजे याच गिरणीच्या पिठाच्या पोळ्यांवर. आणि हे ते आपल्या प्रत्येक भाषणात सांगत. शौनक-अवनीच्या लग्नाचा सर्वांत जास्त आनंद त्यांना झाला होता. खुद्द शौनक-अवनीला तेवढा जमला नव्हता.

"दोनच?" हिराबाईंनी विचारलं.

सर दिलखुलास हसले. त्यांना या घरात कोणी टोमणा मारला की आपण इथले झालो असं वाटे. "दोन आणि थोडे. असं बघा, मूळ धातू दल्. फुटणे, चिरणे. दलित म्हणजे फुटलेला, तुकडे झालेला. संस्कृतात जुना शब्द आहे, तिथे माणसांसाठीच असं नाही, ढग फुटला तरी दलित. अस्पृश्य समाजासाठी तो रूढ झाला फार उशिरा, इंग्रजी राज्यात, 'डिप्रेस्ड क्लासेस'ला मराठी शब्द हवा होता तेव्हा. पण गंमत पुढेच आहे. आपली डाळ याच घराण्यातली, कारण ती फोडलेली असते. दळण याच घराण्यातलं. म्हणजे 'दलित गिरणी' या नावात बघायला गेलं तर पुनरुक्ती आहे."

बेचाळीस वर्षांत हे ओव्हाळांना कोणी सांगितलं नव्हतं. बाकी पुष्कळ काही सांगितलं होतं.

"आता तोडगा," सर म्हणाले आणि खुर्ची पुढे ओढली. "पोपटरावांना दुःख नको आहे. कादंबरीला मूळ हवं आहे. दल म्हणजे पाकळीसुद्धा. कळी फुटते म्हणून पाकळी. तर, 'सहस्रदल'. मूळही राहिलं, आणि त्यातलं ते... ते ओझंही गेलं."

पोपट आणि कादंबरी यांनी सकाळपासून पहिल्यांदा एकमेकांच्या डोळ्यांत पाहिलं आणि दोघांनी एकदमच मान फिरवली.

"सर, 'स्र' मध्ये दिवा बसत नाही," अरफात दारातून म्हणाला. "रात्री 'सहदल' दिसेल."

"राजकीय पक्ष वाटेल," शौनक म्हणाला.

हिराबाई ऐकत होत्या. शब्द दगडूंचा होता. मोर्चे त्यांचे, भाषणं त्यांची, पाटीही त्यांची. पट्टा सरकला की तो बसवणं, दगडाला टाकी मारून घेणं, "पीठ जाडं आलंय" म्हणणाऱ्या बाईला मूठभर पीठ तळहातावर घेऊन दाखवणं, हे हिराबाईंचं. पाटी लागली त्या वर्षी निम्मं गिऱ्हाईक तुटलं आणि नवऱ्याला त्या म्हणाल्या होत्या, "तुमच्या शब्दाला कालवण लावून खाऊ का?" दीड वर्षाने गिऱ्हाईक परत आलं. शब्द पटला म्हणून नव्हे. पुढच्या गल्लीतल्या राधा फ्लोअर मिलचं पीठ जाडं येत होतं. तेव्हा शब्दावर त्यांचा जीव होता असं म्हणता येणार नाही. नवऱ्याच्या चपला जपून ठेवाव्यात तसा त्यांनी तो ठेवला होता. आणि चपला काही लेकापेक्षा मोठ्या नसतात.

"पोपटाच्या मनासारखं करा," त्या म्हणाल्या.

"आजी," कादंबरी म्हणाली.

"तुझा परबंध हाय की. त्यात लिही जेवढ्या वेळा लिहायचं तेवढ्या." मग त्या शौनककडे वळल्या. "ते झालं. आता ओल्याचा नळ कुठं घेतला ते दाव मला."

शौनकने मोबाइल खिशात ठेवला. तो मोबाइल खिशात ठेवतो तेव्हा बातमी वाईट असते.

हिराबाईंनी गाळा घेताना एवढं एकच मागितलं होतं. एका बाजूला पिठाची गिरणी आणि दुसऱ्या बाजूला ओल्या दळणाचं यंत्र, इडली-डोशाचं. निम्मी बिबवेवाडी पिशवीतलं आंबट पीठ आणून खाते, दोन गल्ल्यांत एक धड यंत्र नाही. हडपसरला जाऊन, दोन बस बदलून, त्या यंत्र बघून आल्या होत्या. दुकानदाराला दगड हाताने फिरवून दाखवायला लावला होता.

"ते वेट ग्राइंडिंग नाही होणार, आजी. सोसायटीचा इश्यू आहे. त्यांना गिरणीच नको होती. आवाज, धूळ, सगळं काढलं. सरांनी मध्यस्थी केली म्हणून एवढं तरी..."

"अध्यक्ष माझे वर्गमित्र," सर म्हणाले. श्रेय घ्यायचं नाही अशा सुरात त्यांनी ते घेतलं. "फार ताणलं होतं हो त्यांनी. मी म्हटलं, जुनी गिरणी आहे, आपण सगळे तिथलं खाऊन मोठे झालो. मग हळूहळू निवळले. कोरडं चालेल, असं सर्वानुमते ठरलं. ओलं तेवढं नको."

हिराबाईंनी सरांकडे पाहिलं.

"सांडपाण्याचा प्रश्न," सर म्हणाले.

"शेजारी उसाचा रस निघणार हाय. त्यो काय कोरडा असतो?"

सरांनी भिंतीकडे पाहिलं. भिंतीपलीकडे ते दोन नळ होते. "ते... त्यांचा अर्ज आधी आला असेल."

"आला आसंल," हिराबाई म्हणाल्या. "कोरडं चालतं. हे म्या कुठं ऐकलंय बघा आधी. पोपट, तुला आठवतंय का?"

पोपटने खिसा चाचपला, आणि चाचपतच राहिला.

"ह्यांनी ब्याऐंशीला ओल्याचं यंत्र आणलं होतं," हिराबाई सांगू लागल्या. कोणा एकाला नव्हे, समोरच्या रिकाम्या कोपऱ्याला. "बिबवेवाडीत पहिलं. लोक गहू आणायचे, ज्वारी आणायचे, डबे ठेवून जायचे. कोरडं धान्य, कोरडं पीठ, त्याला काय बाधत न्हाई. पाणी लागलं की बाधतं. भिजलेला तांदूळ घेऊन वरीसभर एक बाई आली न्हाई. विचारलं तर काय सांगायच्या? आमच्यात इडली करत न्हाईत. एवढी बिबवेवाडी, आन् कुणाच्यात इडली न्हाई. मग काढून टाकलं यंत्र. आन् मागनं गणपतीत हे राधा मिलवरनं चालले होते, तर तिथं ही रांग. समद्यांच्या हातात भिजलेले तांदूळ, वर फडकी. आमचीच गिऱ्हाइकं. काही बोलले न्हाईत हे. दसऱ्याला पत्रा काढला, रंग आणला आन् बसले. म्या म्हणलं, हे काय लिहिताय? म्हणले, मनात हाय ते ह्यांच्या तोंडात येत न्हाई. दळण टाकायला पोराला पाठवताना आता रोज तोंडानं म्हणावं लागंल."

रस्त्यावर बस थांबली. वाहकाचा आवाज आत आला, "दलित गिरणी, दलित गिरणी."

"बाबा," अवनी म्हणाली. तिचा आवाज शांत होता, आणि श्यामसुंदर सरांना मुलीचा शांत आवाज आवडत नसे. "आपल्याकडे इडली व्हायची ना? तुमच्या लहानपणी?"

"व्हायची की. रविवारी."

"पीठ कुठून दळून आणायचात?"

"राधा फ्लोअर मिलमधून. मीच जायचो, कॉलेजला होतो."

"आणि गहू?"

"गहू इथून."

"इथून पुढे जाऊन मग राधा मिल लागते. ओल्या तांदळाचं ओझं घेऊन तुम्ही पुढे का जायचात?"

"तुझी आजी सांगायची तिकडे जा म्हणून," सर म्हणाले. "यात काही... म्हणजे, आम्हाला कधी कोणी तसं..." वाक्य पूर्ण करायला त्यांना धातू सापडेना. चाळीस वर्षं शब्दांची मुळं उकरलेल्या माणसाने 'कोरडं' हा शब्द स्वतःच्या तोंडाने सोसायटीला नेऊन दिला होता आणि बदल्यात चहा घेऊन आला होता.

अवनीने शौनकच्या खिशाकडे हात केला, मोबाइल काढला आणि पंखवालं कणीस पुसून टाकलं. "मिलेट हाऊस नको," ती म्हणाली.

"अगं, पण तू तर..."

"नको म्हटलं ना."

पोपट उठला. "मी चिठ्ठ्या वाटल्या होत्या," तो म्हणाला. "वडिलांनी छापून आणल्या होत्या. येथे इडलीचे पीठ दळून मिळेल. दहा वर्षांचा होतो. दारं वाजवायची, चिठ्ठी द्यायची. बायका घ्यायच्या, वाचायच्या. एकीने हातावर साखर टाकली. वरून." त्याने हात कसा धरला होता ते दाखवलं आणि लगेच खिशात घातला. "मला वाटायचं, मी नीट वाटल्या नाहीत म्हणून कोणी आलं नाही."

हे त्याने आईलाही कधी सांगितलं नव्हतं. हिराबाईंनी स्टुलाची कड घट्ट धरली, पण उठल्या नाहीत. उठून जवळ घ्यावं असं त्यांच्या घरात कोणी करत नसे.

"अरफात, लिहून घे," पोपट म्हणाला.

"बोला साहेब."

"दलित पिठाची गिरणी." त्याने आवाज खाली घेतला नाही. "आणि कादंबरी, एवढं समजू नकोस की मला तो शब्द आवडला. मला तो आजही आवडत नाही."

"तुम्हाला आवडावा म्हणून नाहीच आहे तो," कादंबरी म्हणाली.

"खाली दुसरी ओळ. येथे ओले दळण मिळेल. 'ओले' मोठं कर."

"किती मोठं?"

"अध्यक्ष सातव्या मजल्यावर राहतात," पोपट म्हणाला. "त्यांना खाली न येता वाचता यावं."

"पप्पा, पण कंडिशन?" शौनक म्हणाला. "ते नोटीस देतील."

"देऊ देत," हिराबाई म्हणाल्या. "मी हितंच बसती. ज्याची हरकत आसंल त्यानं म्होरं उभं राहून सांगावं, ओलं का चालत न्हाई ते. गटाराचं सांगितलं तर त्याला शेजारचा रस पाजू."

श्यामसुंदर सर उभे राहिले होते. त्यांचा चेहरा भाषण विसरलेल्या माणसासारखा झाला होता. "आजी, मी अध्यक्षांशी बोलतो. आजच बोलतो."

"नका बोलू, सर. तुम्ही बोलला की कोरडं होतं."

अवनी हसली नाही. सर खाली बसले आणि पुन्हा उठले. त्यांना जायचं होतं, पण दारात अरफातची शिडी होती आणि शिडीखालून जायला ते तयार नव्हते. पुरोगामी असले तरी.

"तुम्ही एक करा," हिराबाई म्हणाल्या. "यंत्र पुढच्या शनवारी येतंय. रातच्याला तांदूळ भिजवा. रविवारी सकाळी सोसायटीच्या दारातनं हितं घेऊन या. फडकं टाकू नका वर."

सरांनी मुलीकडे पाहिलं. मुलगी बाहेर पाहत होती.

"उडीद किती घालायचे?" त्यांनी विचारलं.

"तिनाला एक. घरात विचारा, म्हायती आसंल त्यांना."

अरफातने शिडी उचलली. दार मोकळं झालं, पण सर लगेच गेले नाहीत. ते कोपऱ्यातल्या त्या रिकाम्या जागेकडे बघत राहिले. तिथे अजून नळ नव्हता.

राधा फ्लोअर मिलने इडलीच्या पिठाचं यंत्र त्र्याऐंशीच्या श्रावणात विकत घेतलं होतं, दगडू ओव्हाळ यांच्याकडून.